ए-वनच्या वर्गात '३० तास' शिकवा: जर्मनच्या सर-मॅडमना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या जर्मन क्लासेसचे संचालक, शिक्षक
आणि ऑ पेअर म्हणून, म्हणजे परक्या कुटुंबात राहून मुलं सांभाळायला, मुलामुलींना जर्मनीला पाठवणारी सल्लागार मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझ्या चुलत बहिणीने फलटणहून व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. स्टँडजवळ लागलेल्या फ्लेक्सचा. 'जर्मनीला चला! राहणं-खाणं मोफत, वर महिना २५ ते ३० हजार हातात. फक्त ए-वन पुरेसं.' ए-वन म्हणजे जर्मनची सगळ्यात पहिली पातळी; त्यापुढे ए-टू, मग बी-वन. खाली तिने विचारलं होतं, 'ताई, जाऊ का?'

मला 'हो' लिहिता येईना, 'नको'ही लिहिता येईना. शेवटी रात्री फोन लावला आणि आम्ही दीड तास बोललो. त्या दीड तासात तिला जे सांगितलं, ते मला निघण्याआधी कुणीच सांगितलं नव्हतं. ते सांगायची खरी जागा तुमचा वर्ग आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे.

मी स्वतः २०२३ च्या सप्टेंबरात ऑ पेअर म्हणून इथे आले. त्याआधी पुण्यात पेठेतल्या एका क्लासला होते, कॉट बेसिसवर राहून. वर्षभराचं ऑ पेअर झाल्यावर एका वृद्धाश्रमात स्वयंसेवेचं वर्ष केलं, ज्याला इथे एफएसजे म्हणतात. आता बाडेन-व्युर्टेमबर्ग या जर्मनीच्या राज्यातल्या एका हॉस्पिटलात नर्सिंगचं आउसबिल्डुंग, म्हणजे पगारी प्रशिक्षण, सुरू आहे. माझं चांगलं चाललं आहे आणि इथे आल्याचा मला पश्चात्ताप नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणी 'मुलींना पाठवूच नका' असा अर्थ काढू नये. मुलींनी यावं, मुलांनीही यावं. पण डोळे उघडे ठेवून यावं.

ऑ पेअर म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत असणार. पालकांपैकी कुणी हे पत्र वाचत असेल तर त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हा फ्रेंच शब्द आहे, अर्थ 'बरोबरीच्या नात्याने'. परक्या देशातल्या कुटुंबात जाऊन राहायचं, त्यांची मुलं सांभाळायला आणि घरातल्या हलक्या कामांना हात लावायचा, बदल्यात राहायला खोली, जेवण, थोडा हातखर्च आणि भाषा शिकायची संधी. व्हिसासाठी अर्ज करताना वयाची २७ वर्षं पूर्ण झालेली नसावीत आणि जर्मन निदान ए-वनपर्यंत यावं लागतं. कमीत कमी ६ महिने आणि जास्तीत जास्त १ वर्ष, तेही आयुष्यात एकदाच. मुदत वाढवून मिळत नाही.

आता नियम सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्या नियमांभोवतीच आहे. काम दिवसाला ६ तासांच्या आत आणि आठवड्याला ३० तासांच्या आत. रात्री मुलांजवळ थांबायचं असेल तर तो वेळही ह्यातच धरायचा. आठवड्यात दीड दिवस सुट्टी, चार संध्याकाळी मोकळ्या, महिन्यातला निदान एक रविवार पूर्ण आपला. वर्षभर राहिलं तर ४ आठवड्यांची रजा आणि त्या काळातही हातखर्च चालू. हातखर्च महिना २८० युरो, शिवाय भाषेच्या क्लाससाठी कुटुंबाने महिना ७० युरो द्यायचे. आजारपणाचा आणि अपघाताचा विमाही त्यांनीच उतरवायचा. स्वतंत्र खोली, तीही घराच्या आतच. आणि म्हाताऱ्या किंवा आजारी माणसाची सेवा हे ऑ पेअरचं काम नाही.

यातलं एकही वाक्य मला निघताना माहीत नव्हतं. करारावर सही मात्र माझीच होती. पुण्याच्या ऑफिसात मॅडमनी सात पानं पुढे सरकवली, पेन्सिलने तीन फुल्या मारल्या आणि म्हणाल्या, 'इथे, इथे आणि इथे.' बाहेर पुढची मुलगी थांबली होती. मी सही केली.

माझं पहिलं घर हाइलब्रॉनपासून बसने पाऊण तासावरच्या खेड्यात होतं. घरात तीन मुलं, वयं १, ४ आणि ७. खालच्या मजल्यावर त्यांची आजी. माणसं दुष्ट नव्हती, हे मला सांगायलाच हवं. पहिल्या दिवशी स्टेशनवर मोठ्या मुलीने माझं नाव लिहिलेला कागद धरला होता, नावातला 'ळ' कसा म्हणायचा यावर गाडीत सगळे हसत होते. 'तू आता आमच्या घरातलीच,' असं मुलांची आई म्हणाली आणि ते ऐकून मी रात्री आईला फोन करून रडले, बरं वाटलं म्हणून.

मग दिवस सुरू झाले. सव्वासहाला उठायचं. मोठ्या दोघांचे डबे भरायचे, त्याला इकडे फेस्पर म्हणतात: पाव, चीज, काकडीचे तुकडे, सफरचंद. मधल्याला किंडरगार्टनला सोडायचं. मग धाकट्याला पाठीवर बांधून घर आवरायचं, यंत्रातले कपडे वाळत घालायचे, इस्त्री. दुपारी जेवण, मग मुलांना आणायचं, बागेत न्यायचं, संध्याकाळी आंघोळी. स्वाबियन लोकांत केअरवोखे नावाची रीत आहे, आळीपाळीने आठवडाभर जिना आणि घरापुढचा रस्ता झाडायचा. त्या घराची पाळी आली की ती माझ्यावर यायची. नोव्हेंबरात पानगळ असते, ओली पानं दगडाला चिकटून बसतात, झाडूने निघत नाहीत, वाकून हाताने काढावी लागतात. आणि रोज सकाळी, डबे भरून झाले की, खाली जाऊन आजीच्या पायात ते घट्ट वैद्यकीय मोजे चढवायचे. आजीचे पाय सुजायचे. मोजा टाचेवरून वर घ्यायला दहा मिनिटं लागत, दुखलं की ती माझ्या खांद्यावर हात ठेवायची. आजी मला आवडायची. तिचं काम करायला मला कधी जड गेलं नाही. पण ते माझं काम नव्हतं, आणि तसं कुणी नर्स येऊन करू शकते, त्याची इथे सोय असते, हेही मला ठाऊक नव्हतं.

मी तास मोजत नव्हते. का, ते सांगते. निघताना आईने ओटी भरली होती आणि म्हणाली होती, 'दुसऱ्याच्या घरात चाललीयस, त्यांचं मन राखून राहा.' आपल्याकडे मुलीला घराबाहेर पाठवायची एकच रीत माहीत आहे, ती म्हणजे सासरी पाठवायची. तेच शब्द, तीच शिकवण. पडेल ते काम कर, उलट बोलू नकोस, जमवून घे. दोन महिन्यांनी फोनवर मी एकदा म्हणाले, 'आई, दिवसाचे आठ-नऊ तास होतात गं.' ती पटकन म्हणाली, 'घरात कुणी तास मोजतं का?'

सर, मॅडम, गोम इथेच आहे. 'घरातलीच' हा शब्द आपल्या मुलींच्या मनात एका क्षणात सगळे हक्क मिटवून टाकतो. जर्मन कुटुंबाला तो शब्द तेवढा जड नसतो. त्यांच्या लेखी घरातलं माणूसही 'आज मला जमणार नाही' म्हणू शकतं. माझ्याकडून नकार आला नाही म्हणून ते मागत गेले, आणि मी नकार म्हणजे उद्धटपणा समजत होते म्हणून करत गेले. त्यांची चूक आहेच, नियमांचा कागद त्यांच्याकडेही होता. पण माझ्या तोंडात शब्द नव्हते, आणि ते शब्द देणं तुमच्या हातात होतं.

डोळे उघडले ते फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे इथल्या सार्वजनिक शिक्षण केंद्रात. मंगळवार-गुरुवार संध्याकाळी माझा ए-टूचा वर्ग असायचा. माझ्या बाकावर मादागास्करहून आलेली एक ऑ पेअर बसायची. एका गुरुवारी मी उशिरा पोचले, गृहपाठ झालेला नव्हता. मधल्या सुट्टीत तिने विचारलं, काय झालं? मी सांगितलं, आजी, मुलं, इस्त्री. तिने बॅगेतून प्लास्टिकच्या फोल्डरमधला तिचा करार काढला आणि खिडकीच्या कट्ट्यावर पसरला. आम्हा दोघींचं जर्मन मोडकंतोडकंच. तिने पेन्सिलने '३०' या आकड्याभोवती गोल केला, मग माझ्याकडे बोट केलं, आणि विचारलं, 'तुझे किती?' मला उत्तर देता आलं नाही. तिने माझ्या वहीच्या मागच्या पानावर सात रकाने आखून दिले, सोमवार ते रविवार. म्हणाली, लिही.

मी तीन आठवडे लिहिलं. ४७, ४४, ५१. ते पान अजून माझ्याकडे आहे.

मी पुण्याच्या ऑफिसला फोन केला. तिथून जे उत्तर आलं, ते मला आजही शब्दशः आठवतं: 'अ‍ॅडजस्ट कर. घर सोडलंस तर व्हिसा रद्द होईल, डिपोर्ट करतील, पुढे युरोपात पाऊल टाकता येणार नाही.' मी सोळा दिवस त्या भीतीत काढले. जेवण उतरत नव्हतं. सात वर्षांच्या त्या मुलीला कळलं होतं, ती रात्री माझ्या खोलीत तिचा सशाचा बाहुला ठेवून जायची.

आणि ते सगळं खोटं होतं. ऑ पेअरला कुटुंब बदलता येतं. माझ्या करारात १४ दिवसांच्या नोटिशीची सोय होती, अगदी गंभीर काही घडलं तर ताबडतोबही निघता येतं. परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवायचं, नवं कुटुंब शोधायचं आणि वर्षातले उरलेले महिने तिथे काढायचे. आमच्या जर्मनच्या शिक्षिका माझ्याबरोबर त्या कार्यालयात आल्या. टेबलापलीकडच्या बाईंनी वहीतलं ते पान उलटसुलट करून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, 'तुम्ही इतके दिवस कुठे होतात?' त्या चिडल्या नव्हत्या. काळजीने विचारत होत्या.

जानेवारीत मी ट्युबिंगेनजवळच्या दुसऱ्या घरी गेले. पहिल्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर मुलांच्या बाबांनी एक मोठा कागद टेबलावर पसरला, आठवड्याचे रकाने आखलेला. कुठे मी, कुठे ते, कुठे मुलांची आई. मग हिरव्या पेनाने माझे मोकळे तास रंगवले आणि कागद फ्रिजवर लावला. चार वर्षांच्या पोराला वाचता येत नव्हतं, पण हिरवा रंग कळायचा. मी हिरव्या वेळात स्वयंपाकघरात आले की तो मला ढकलत बाहेर काढायचा. त्या घरात माझं बी-वन झालं, मी पोहायला शिकले, मुलं 'आई गं!' म्हणायला शिकली. हेही ऑ पेअरच होतं. नियम तेच, २८० युरोही तेच.

आता पैशांचं बोलते, कारण फ्लेक्सवर सगळ्यात मोठ्या अक्षरात तेच असतं. माझ्या वेळी युरो ९० रुपयांच्या आसपास होता, म्हणजे २८० युरोचे २५ हजार. जाहिरातीतला आकडा खोटा नाही. पण तो पगार नाही. इथे ऑ पेअरला कामगार धरत नाहीत, म्हणून किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही. या पैशातून फोन, थंडीचा कोट, बूट आणि सुट्टीच्या दिवशी बाहेर प्यायलेली कॉफीसुद्धा भागवायची. माझ्याकडून पुण्यात १ लाख ८० हजार घेतले होते, व्हिसाचा खर्च आणि विमानाचं तिकीट वेगळं. म्हणजे माझा सात महिन्यांहून जास्त हातखर्च मी निघण्याआधीच देऊन बसले होते. त्यातले लाखभर रुपये पतसंस्थेचे होते, बाकी आईच्या पाटल्या गहाण ठेवून उभे केले. त्या वर्षात मी घरी रुपया पाठवू शकले नाही आणि दर महिन्याच्या हप्त्याला बाबांनी पदरमोड केली. पगार असेल असं त्यांना वाटलं होतं. कुणी त्यांना समोर बसवून सांगितलंच नव्हतं.

जर्मनीच्या कायद्यात ऑ पेअरकडून घ्यायच्या शुल्कावर मर्यादा आहे, १५० युरो. त्यापेक्षा जास्त घेता येत नाही. हा कायदा इथल्या एजन्सीला लागू आहे, पुण्यातल्या किंवा साताऱ्यातल्या ऑफिसाला नाही, हे मी जाणते. तुम्ही शिकवता, कागदपत्रं करून देता, त्याचे पैसे घेणं रास्त आहे. पण ते घेताना पावती द्या, कशाचे किती ते लिहून द्या, आणि पालकांना तो १५० चा आकडाही सांगा. मग त्यांचं त्यांना ठरवू द्या. आणखी एक, मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवू नका. माझ्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका शेवटचा हप्ता मिळेपर्यंत ऑफिसच्या कपाटात होत्या. पासपोर्टचंही तेच. भारताच्या पासपोर्ट कायद्यानुसार पासपोर्ट केंद्र सरकारच्या मालकीचा असतो. यजमान कुटुंबालाही तो ठेवून घ्यायचा अधिकार नाही आणि मध्यस्थालाही नाही. हे मुलींना पाठ करून घ्या.

'ऑ पेअर म्हणजे जर्मनीत कायमचं राहण्याची पहिली पायरी' असंही काही जाहिरातींत असतं. माझ्या बाबतीत ती पायरी ठरली, हे खरं. पण मधे बी-वनची परीक्षा होती, नवे अर्ज होते, नवी परवानगी होती. वर्ष संपलं की ऑ पेअरचा परवाना संपतो, आपोआप पुढे काही मिळत नाही. ५१ तास राबणारी मुलगी बी-वनला बसू शकत नाही. म्हणून ३० तासांचा हा मुद्दा मला एवढा जिवाचा वाटतो. त्या ३० तासांवर तिची भाषा अवलंबून आहे, आणि भाषेवर तिचं पुढचं सगळं.

इथल्या मराठी घरांतून मला कधी कधी विचारणा होते, 'आपलीच एखादी मराठी मुलगी ऑ पेअर म्हणून बोलावता येईल का, मुलांच्या कानावर मराठीही पडेल.' भावना मी समजू शकते, पण ते बसत नाही. यजमान घरात जर्मन मातृभाषा असावी लागते. मातृभाषा नसून फक्त घरात बोलली जात असेल, तर त्या कुटुंबाच्या मूळ देशातली ऑ पेअर घेता येत नाही. कुणी सल्लागार असं जमवून देतो म्हणाला, तर त्याच्यापासून लांब राहावं.

आता मूळ मागणीकडे येते.

ए-वनची तोंडी परीक्षा आठवा. पहिल्या भागात स्वतःची ओळख: नाव, वय, देश, राहण्याचं ठिकाण, भाषा, व्यवसाय, छंद. दुसऱ्यात प्रश्न विचारायचे आणि उत्तरं द्यायची. तिसऱ्यात चित्राचं कार्ड उचलायचं आणि समोरच्याला विनंती करायची: कृपया पाणी द्याल का, कृपया खिडकी उघडाल का. आम्ही विनंत्या शेकडो वेळा घोकल्या. विनंती मान्य कशी करायची तेही घोकलं, 'या, गेर्ने', हो, आनंदाने. माझ्या तोंडात हे 'या, गेर्ने' इतकं बसलं होतं की पहिल्या घरात कुणी काही म्हणायच्या आत ते बाहेर पडायचं.

त्याच वर्गात, त्याच व्याकरणात, दुसरी वाक्यंही बसतात. 'हॉयटे हाबे इश फ्राय.' आज मला सुट्टी आहे. हॉयटे पहिलं आलं की क्रियापद दुसऱ्या जागी, मग कर्ता. हा नियम तुम्ही तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शिकवताच, फक्त उदाहरणाला 'आज मी सिनेमाला जाते' असतं. तिथे हे वाक्य घाला. 'डास श्टेट निश्ट इम फेरट्राग.' हे करारात नाही. पाच शब्द. 'इश हाबे शोन द्राइसिश श्टुन्डेन गेआर्बाइटेट.' माझे ३० तास भरले. भूतकाळ शिकवाल त्या दिवशी हे फळ्यावर लिहा. विनंतीच्या कार्डांचा सराव चालू असेल तेव्हा निम्म्या मुलांना नम्रपणे नाही म्हणायला लावा. लाज वाटेल, हसतील, तरी म्हणायला लावा. माझ्यासारख्या मुलीला ते पहिल्यांदा म्हणायची जागा ओळखीचा वर्ग असावी, परक्याचं स्वयंपाकघर नसावं.

दुसरी मागणी, करार मराठीत समजावून द्या. सही आधी नको. घरी न्यायला द्या, दोन दिवस आई-बाबांबरोबर वाचू द्या. जर्मनीच्या फेडरल एम्प्लॉयमेंट एजन्सीचं ऑ पेअरसाठीचं माहितीपत्रक इंटरनेटवर मोफत मिळतं, त्यात मी वर सांगितलेले नियम आहेत. त्याचं मराठी भाषांतर मी करून ठेवलं आहे. छापा, वाटा, क्लासच्या नावाने वाटलंत तरी माझी हरकत नाही.

तिसरी, मुलगी निघण्याआधी तिला पत्ते द्या. तुमच्या ऑफिसच्या नंबराखेरीज. इथे कॅथलिक परंपरेतली 'इन व्हिया' ही संस्था आहे, प्रोटेस्टंट परंपरेतली 'फेराइन फ्यूर इंटरनात्सिओनाले युगेंडआर्बाइट' आहे, दोन्ही ऑ पेअरना सल्ला देतात आणि कुठल्या धर्माची ते विचारत नाहीत. स्त्रियांवरच्या हिंसेसाठीचा मदत क्रमांक ११६ ०१६, मोफत, चोवीस तास, इंग्रजीतही बोलता येतं. पोलीस ११०. हे आकडे फोनमध्ये सेव्ह करून मगच तिला विमानात बसू द्या.

फिलिपाईन्सचं उदाहरण देते. छळाच्या तक्रारी आल्या म्हणून त्यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस युरोपात ऑ पेअर पाठवणंच थांबवलं होतं. नंतर टप्प्याटप्प्याने बंदी उठवली, पण निघण्याआधी सरकारी माहितीवर्ग सक्तीचा केला. माझ्या ओळखीच्या फिलिपिनो मुलींना आपल्या करारातली कलमं येताना माहीत होती. नॉर्वेने तर २०२४ मध्ये ही योजनाच बंद केली, कारण ती स्वस्त घरकामाची वाट झाली होती. जर्मनीत ती चालू आहे आणि मला ती चालू राहायला हवी आहे. माझ्यासारखीला, जिच्याकडे विद्यार्थी व्हिसासाठी बँकेत अडकवून ठेवायला लाखो रुपये नाहीत, तिला या देशात यायला दुसरा रस्ता जवळजवळ नव्हता.

२०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आमच्याकडे तालुक्याच्या गावांतही जर्मनचे बोर्ड दिसायला लागले आहेत. त्यातले बरेच शिक्षक नवे आहेत, स्वतः नुकतेच बी-वन झालेले. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. गावात जर्मन शिकायला मिळतं, मुलीला पुण्यात कॉट घेऊन राहावं लागत नाही, ही मोठी गोष्ट आहे. पण शासनाच्या करारात ऑ पेअर येत नाही, त्यामुळे या मुलींकडे पाहणारं सरकारी माणूस कुणी नाही. जाण्याआधी त्यांना भेटणारं शेवटचं जाणतं माणूस तुम्हीच असता.

माझ्या पुण्याच्या सरांनी मला डेर, डी, डास, ही नामाचं लिंग दाखवणारी उपपदं, रंगीत खडूंनी शिकवली होती. निळा, लाल, हिरवा. आजही नवा शब्द दिसला की मला आधी त्याचा रंग दिसतो. इतकं मनापासून शिकवणारे शिक्षक आपल्याकडे आहेत, म्हणूनच मी हे मागायचं धाडस करते आहे.

माझ्या बहिणीचा निर्णय अजून झालेला नाही. तिने त्या फ्लेक्सवाल्या क्लासला जाऊन कराराचा नमुना मागितला आहे. 'आधी फी भरा, मग दाखवू,' असं उत्तर मिळालं. ती परत जाणार आहे, या वेळी काकांना घेऊन.

माझी ड्युटी फिरती असते, पण महिन्यातले दोन रविवार मोकळे मिळतात. तुमच्या वेळेनुसार सकाळी अकरापासून पुढे कधीही, व्हिडिओ कॉलवर तासभर वर्गाशी बोलायला मी तयार आहे. मानधन नको. वहीचं ते पान मी कॅमेऱ्यासमोर धरीन, आणि वर्गातल्या प्रत्येकाकडून एकदा 'हॉयटे हाबे इश फ्राय' म्हणून घेईन.

कळावे, लोभ असावा.

आपली विद्यार्थिनी,
एक माजी ऑ पेअर
मूळ फलटण, सध्या बाडेन-व्युर्टेमबर्ग, जर्मनी